काचबिंदूची शस्त्रक्रिया पुन्हा करायची वेळ आली तर

आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया सहा वर्षं टिकली. मग डोळ्यातला दाब पुन्हा चढला. ‘परत करावी लागेल’ हे ऐकल्यावर ती गोव्यातल्या डिचोलीच्या घरी दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. पहिली फुकट गेली, असं तिला वाटलं. पण त्या सहा वर्षांची नजर त्या शस्त्रक्रियेनेच राखली होती.

ट्रॅबेक्युलेक्टॉमी या काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला पांढऱ्या भागातून वाट काढतात. शरीराला ती जखम वाटते, ते ती भरून काढतं. वाट बुजली की दाब वाढतो. दुसरी शस्त्रक्रिया गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखते. हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पट्टी काढल्यावर निराशा होते.

आधी कागद जमवा. पहिल्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, दाबाच्या नोंदी, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी) आणि ओसीटीचे (डोळ्याच्या नसेच्या स्कॅनचे) जुने-नवे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा. रक्त पातळ करायची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तिचं नाव लिहून न्या. आपल्या मनाने बंद करू नका.

मग डॉक्टरांना विचारा: पहिली वाट का बुजली? या डोळ्यासाठी दाब किती खाली हवा? साधारण 10 ते 21 (पाऱ्याचे मिलिमीटर) ठीक मानतात, पण डोळ्याची नस बरीच खराब झालेल्याला त्याहून खाली लागू शकतो. पुन्हा तीच शस्त्रक्रिया की आता पाणी बाहेर काढणारी नळी बसवणार? काही नळ्या सुरुवातीला दोऱ्याने बांधलेल्या असतात, दोरा विरघळायला पाच-सहा आठवडे जातात. तोवर दाब उतरला नाही म्हणून घाबरू नका.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) कार्ड असेल तर तुमची शस्त्रक्रिया त्यात बसते का, ते तारीख घेण्याआधीच विचारा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाखांची मर्यादा आहे.

माझ्या मते खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतर असते. पहिले काही आठवडे तपासणीला वारंवार जावं लागतं. सत्तरी किंवा काणकोणहून दर वेळी बस बदलत बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठणं आजारी माणसाला झेपत नाही. पणजीत कोणी नातेवाईक असेल तर थोडे दिवस तिथे राहा.

स्टिरॉइडचे थेंब महिना-दोन महिने, कधी जास्तही, हळूहळू कमी करत चालतात. डोळा बरा दिसतो म्हणून ते मध्येच सोडले तर वाट पुन्हा बुजू शकते. दुसरी चूक आमच्याच घरी झाली. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याचे जुने थेंब डॉक्टरांनी बंद केले होते, आम्ही दोन्ही डोळ्यांचे बंद केले. डाव्या डोळ्याचे चालूच ठेवायचे होते! तेव्हापासून डाव्याच्या बाटलीला लाल रबर बँड. घालणाराही एकच ठेवा. हात धुवा, एक थेंब पुरे, नाकाजवळचा कोपरा अलगद दोन मिनिटं दाबून धरा, पुढच्या औषधाआधी पाच मिनिटं थांबा.

डॉक्टर सांगेपर्यंत वाकून कुळागराला (पोफळीच्या बागेला) पाणी लावणं, घागर किंवा सिलिंडर उचलणं, डोक्यावरून अंघोळ, नदी-समुद्रात उतरणं, सगळं बंद. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली असेल तर गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला दुसऱ्याला उभं करा. बद्धकोष्ठता आणि खोकल्यावरही वेळीच औषध घ्या, जोर दिल्याने डोळ्यावर ताण येतो.

वाट काढलेला डोळा कधीही, अगदी दहा वर्षांनीसुद्धा, लाल झाला, दुखू लागला, चिपडं आली किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी दाखवा. सणाची सुट्टी असेल आणि ओपीडी बंद असेल तर थेट गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत जा, आणि ‘काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेला डोळा आहे’ हे दारातच सांगा.