ठाण्यात बसून लेकीच्या घरी वाईन पाठवायची तर

लेकीने न्यू जर्सीत घर घेतलं. वास्तुशांतीसाठी इथून चांदीचं निरांजन आणि तोरण गेलं, त्यात काही अडचण आली नाही. पुढच्या शनिवारी मात्र ऑफिसच्या मंडळींची वेगळी पार्टी होती, आणि तिथेही आमच्याकडून काहीतरी असावं असं मला वाटलं. हे म्हणाले, नाशिकची वाईन पाठव. म्हणून नौपाड्यातल्या नेहमीच्या कुरियरवाल्याकडे गेले. माझा चिवडा, लोणचं, भाजणी वर्षानुवर्षं हाच नेतो. बाटलीचं नाव काढल्यावर त्याने वजनकाटाच बाजूला सरकवला.

“काकू, दारू नाही जात.”

“अरे, वाईन आहे.”

“फॉर्मवर ती दारूच, काकू.”

मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी लगेच सल्ला दिला, “कोकम आगळ म्हणून लिहा ना!” हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईलच. ऐकू नका. त्या कागदावर सही आपली असते.

तर पहिली गोष्ट, वाईन इथून पाठवायची नाही, तिथेच विकत घ्यायची. आणि तिथे घेतानाही आधी पत्ता बघायचा, बाटली मग. मी उलटं केलं आणि दोन संध्याकाळी फुकट घालवल्या. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या, नावाजलेल्या वायनरीची, म्हणजे वाईन करणाऱ्या कंपनीची, सुंदर बाटली निवडली, भेटीचा मजकूर लिहिला, राज्याच्या यादीत न्यू जर्सी निवडलं आणि लाल अक्षरं आली: या राज्यात आम्ही पाठवत नाही.

असं का, हे कळलं की राग येत नाही. आपल्याकडे दारू हा राज्यांचा विषय आहे. गुजरातचं वेगळं, गोव्याचं वेगळं, आणि आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा, त्याखाली ते दारू पिण्याचं परमिट: एक दिवसाचं, वर्षाचं नाहीतर कायमचं. अमेरिकेतही तसंच. तिथली देशभराची दारूबंदी १९३३ साली एकविसाव्या घटनादुरुस्तीने उठली आणि दारूचं काय करायचं ते राज्यांच्या हाती गेलं. पुढे कित्येक राज्यांनी आपल्या वायनऱ्यांना घरपोच विक्रीची मुभा दिली आणि परराज्यातल्यांना नाकारली. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मिशिगन आणि न्यूयॉर्कच्या खटल्यांत सांगितलं की असा दुजाभाव चालणार नाही. द्यायची तर दोघांना द्या. पण काय अटींवर द्यायची, हे अजून प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. म्हणून कॅलिफोर्नियात राहणाऱ्या भाचीच्या आईचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. तुमची मुलगी युटामध्ये असेल तर वायनरीकडून थेट घरी मागवण्याचा विचारच सोडा, तिथे फुलं पाठवा.

न्यू जर्सीचं थोडं सविस्तर सांगते, कारण ठाणे-डोंबिवलीची निम्मी मुलं तिथेच आहेत. २०१२ च्या तिथल्या कायद्याने परराज्यातल्या वायनऱ्यांना परवाना घेऊन थेट ग्राहकाच्या घरी वाईन पाठवायची सोय झाली. मात्र अट अशी घातली की वर्षाला अडीच लाख गॅलनपेक्षा जास्त वाईन करणाऱ्या वायनरीला हा परवाना नाही. अडीच लाख गॅलन म्हणजे साधारण साडेनऊ लाख लिटर. त्यामुळे आपण ज्यांची नावं ऐकलेली असतात तेच नेमके बाद होतात आणि छोटे राहतात. मला कॅलिफोर्नियातल्या सोनोमाची एक छोटी वायनरी मिळाली, नवरा-बायको चालवतात. मोठ्या नावाचीच बाटली हवी असा हट्ट असेल तर ती मुलीच्या गावातल्या वाईनच्या दुकानातून मागवायची. दुकानाच्या साइटवर तिचा झिपकोड, म्हणजे तिथला पिनकोड, टाकून घरपोच देतात का ते बघायचं. खरं सांगायचं तर दोनच बाटल्या पाठवायच्या असतील तर हाच मार्ग स्वस्त पडतो. मला ३२ डॉलरच्या दोन बाटल्यांवर २८ डॉलर नुसते पोचवायचे पडले, कर वेगळा. आणि तो करही मुलीच्या पत्त्यावरून ठरतो, म्हणून शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही.

आता पैसे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी व्यवहार चालू करून ठेवा, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं. कार्डाच्या पत्त्यातल्या पिनकोडच्या रकान्यात पाचच आकडे मावतात. मी ४००६०२ लिहायची, साइट ४००६० ठेवायची आणि कार्ड परत यायचं. तीन वेळा! बँकेत आयुष्य काढलेल्या बाईचं कार्ड परत येणं म्हणजे काय ते बँकेतल्या बाईलाच कळेल. काही साइट परदेशी पत्ता घेतात, तसा देशाचा पर्याय आधी शोधा. नसेल तर तिथल्या कोणाचं तरी कार्ड. मी डॅलसच्या भाच्याला गाठलं. त्याने पैसे घेतले नाहीत, दोन किलो चकलीची भाजणी मागितली.

हाच भाचा आधी म्हणाला होता, “मावशी, मीच इथून बाटली पॅक करून पाठवतो.” तेही चालत नाही. तिथलं सरकारी पोस्ट दारू नेत नाही, आणि यूपीएस-फेडेक्ससारखे कुरियर वाईन घेतात ती फक्त परवानाधारक विक्रेत्यांकडून. भावाने बहिणीला पाठवायची तर तीही विक्रेत्यामार्फतच.

ऑर्डर भरताना घेणाऱ्याचं नाव पासपोर्टवर आहे तसं लिहा. घरातलं लाडाचं नाव तिथे नको. फोन नंबर मुलीचा, तुमचा नको, नाहीतर डिलिव्हरीचे मेसेज मध्यरात्री इथे वाजतात. ऋतू बघा. जुलै-ऑगस्टच्या उन्हात ट्रकमध्ये वाईन शिजते, म्हणून बऱ्याच वायनऱ्या तेव्हा पाठवणंच थांबवतात किंवा थंड पॅकिंगचे जादा पैसे लावतात. आमची पार्टी ऑक्टोबरात होती, तो प्रश्न आला नाही. कॅलिफोर्नियाहून पूर्व किनाऱ्याला रस्त्याने आठवडाभर धरा, वर चार दिवस हाताशी ठेवा.

ते चार दिवस कशासाठी, तर सहीसाठी. वाईनचं खोकं दारात ठेवून कोणी जात नाही. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने ओळखपत्र दाखवून सही करायची. वाईनसाठी आपल्याकडेही वय एकवीसच, पण दुकानात माझं वय आजवर कोणी विचारलेलं नाही. तिथे विचारतात. सकाळी अकराला, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला, माणूस दारात आला तेव्हा लेक आणि जावईबापू ऑफिसात होते. घरात होत्या विहीणबाई. डोंबिवलीच्या, वय चौसष्ट, केस पांढरेशुभ्र. त्याने आयडी मागितला. यांनी पर्समधून पुढे केलं मध्य रेल्वेचं पास काढायचं जुनं ओळखपत्र. तो नाही म्हणाला. पासपोर्ट लेकाच्या कपाटात, कपाटाला कुलूप. शेवटी यांनी स्वतःच्या केसांकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “आय ॲम आजी!” तो हसला, नमस्कारही केला म्हणे, पण खोकं घेऊन गेला. दारावर चिठ्ठी लावली, त्यावर ‘अल्कोहोल’ शब्दाशेजारी बरोबरची खूण. गुपित तिथेच फुटलं. रात्री मला फोन, “तुम्ही पाठवलंत का हो हे?” मी चुळबुळत हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग आधी सांगायचं ना, पासपोर्ट काढून ठेवला असता.”

म्हणून आश्चर्याचा धक्का वगैरे देऊ नका. ट्रॅकिंगचा नंबर आला की दिवस कळवा आणि कोणीतरी मोठं माणूस पासपोर्ट हाताशी घेऊन घरी राहील असं बघा. मुलीचं ऑफिस घेत असेल तर ऑफिसचा पत्ता उत्तम. चिठ्ठी लागलीच तर घाबरायचं नाही, ते पुन्हा येतात, किंवा जवळच्या त्यांच्या केंद्रावर ठेवून घेऊन ओळखपत्र दाखवून आणता येतं. मात्र तसंच सोडलं तर खोकं उलट्या पावली कॅलिफोर्नियाला जातं आणि परतीचा खर्च बहुतेक वेळा आपल्या माथी येतो. आमचं दुसऱ्या दिवशी लेकीने घरून काम करून घेतलं. बाटल्या ज्या पुठ्ठ्याच्या साच्यात आल्या त्यात विहीणबाईंनी कोथिंबीर पेरली.

नाशिकच्या वाईनचं तेवढं राहिलंच होतं. ती स्वतः नेता येते. एकवीस वर्षांवरच्या प्रवाशाला अमेरिकेत एक लिटरपर्यंत दारू करमुक्त नेता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरची एक बाटली आरामात. ठेवायची चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या पिशवीत सुरक्षा तपासणीला काढून घेतील. मी मे महिन्यात गेले तेव्हा नाशिकच्या शेनँ ब्लांची, म्हणजे पांढऱ्या वाईनची, बाटली आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, मग लहान गोधडीत गुंडाळली आणि बॅगेच्या मधोमध ठेवली, चारी बाजूंनी कपडे. उतरल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, खाण्यापिण्याचं काय आहे? मी बाटली सांगितली, लाडू सांगितले. त्याने बाटलीबद्दल चकार शब्द काढला नाही, लाडवांचा डबा मात्र उघडायला लावला.