गरम झालेली मोटारसायकल पुन्हा चालू होत नाही? या चुका टाळा

सकाळी पहिल्या किकला चालू होणारी गाडी तीस-चाळीस किलोमीटर पळून चहाला थांबते आणि दहा मिनिटांनी निघताना वीस किका मारल्या तरी दाद देत नाही. अर्ध्या तासाने मात्र काही झालेच नाही अशा थाटात ती चालू होते. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या जुन्या गाड्यांना हे दुखणे विशेष करून जडते, आणि ते सांगत येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याआधीच दोन प्लग, एक एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या दोन सफायांवर पैसे घालवून बसलेला असतो. मी धंद्याने मेकॅनिक नाही. स्वतःची आणि मित्रांच्या गाड्या अंगणात खोलून बसणारा माणूस आहे. तरीही त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवणे सोयीचे वाटले.

गाडी थंड झाल्यावर तपासणे

ही चूक मी सर्वांत वर ठेवतो, कारण ती मी स्वतः चार महिने केली आहे.

माझ्याकडे २००४ सालची, १५० सीसीची, किक आणि सेल्फ दोन्ही असलेली गाडी होती. मे महिन्यात कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाताना कोयनानगरला चहासाठी थांबलो आणि निघताना गाडी चालू होईना. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, टाकीत पेट्रोल होते, किल स्विचही बंद नव्हता. सुमारे पस्तीस मिनिटे झाडाखाली बसून काढल्यावर ती पहिल्याच झटक्यात चालू झाली. घाट उतरून पोफळीला क्षणभर थांबलो, तर पुन्हा तेच. परत आल्यावर गाडी गॅरेजात दिली आणि पुढील चार महिन्यांत तिचा प्लग, प्लगची टोपी, इग्निशन कॉइल आणि शेवटी सीडीआय (ठिणगी पाडवणारा इलेक्ट्रॉनिक डबा), असे सारे क्रमाक्रमाने बदलून झाले. प्रत्येक वेळी मेस्त्री गाडी चालू करून दाखवत, ती फुरफुरत चालू होई, मी पैसे देऊन घरी येई आणि पुढच्या रविवारी पुन्हा कुठेतरी रस्त्याच्या कडेला बसलेला असे.

दोष एकट्या मेस्त्रींचा नव्हता. मी सकाळी कामावर जाताना गाडी त्यांच्याकडे सोडत असे. तिचा नंबर लागेपर्यंत दुपार होई आणि तोपर्यंत इंजिन गार पडलेले असे. ताप उतरल्यावर रोग्याला दवाखान्यात नेले, तर थर्मामीटर काय दाखवणार? बिघाड केवळ गरम अवस्थेत होत असेल, तर तपासणीही त्याच अवस्थेत व्हायला हवी, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नव्हती.

अखेर एका रविवारी मीच पंचवीस किलोमीटरचा फेरा मारून गाडी अंगणात आणली, दहा मिनिटे तशीच उभी ठेवली आणि ती चालू होत नाही याची खात्री करून घेतल्यावर कामाला लागलो. जवळचा जादा प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवले आणि सेल्फ मारला, तर ठिणगी मुळीच पडेना. मग पिकअप कॉइलचा, म्हणजे ठिणगी कधी पाडायची याचा इशारा सीडीआयला देणाऱ्या कॉइलचा, जोड सोडवून मल्टिमीटर लावला. सकाळी थंड गाडीवर तो १९० ओहम दाखवत होता. आता तारच तुटल्यासारखा अनंत रोध दाखवू लागला. मी तसाच बसून राहिलो. पाऊण तासाने आकडा पुन्हा २०० च्या आसपास आला आणि गाडीही चालू झाली. चार महिन्यांत बदललेल्या सगळ्या वस्तूंपेक्षा ही कॉइल स्वस्त निघाली.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढची तपासणी सोपी जाते. पिकअप कॉइल मॅग्नेटच्या कव्हराच्या आत, इंजिनाच्या उष्णतेतच बसलेली असते. तिच्या केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेत कुठे सूक्ष्म तडा गेला असेल, तर गरम झाल्यावर प्रसरणामुळे तुटलेली टोके एकमेकांपासून सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतात. येथे एक सावधगिरीही सांगायला हवी. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच. पन्नास अंशांच्या वाढीला तो साधारण २० टक्क्यांनी चढतो, म्हणून १९० चे २२५ झालेले पाहून कोणी घाईने कॉइल फेकू नये. आकडा एकदम नाहीसा होणे किंवा तारा हलवताना उड्या मारणे ही बिघाडाची खूण आहे. कॉइल काढून हातात आलेली असेल, तर केस वाळवण्याच्या यंत्राने तिला गरम करत मीटरकडे पाहावे. मी ती आजही अशीच तपासतो.

जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचे आणि राजदूतचे मालक हे सारे वाचून हसतील, कारण प्लॅटिनम पॉइंटच्या (उघडझाप करून ठिणगी पाडवणाऱ्या जोडीच्या) त्या गाड्यांत हाच खेळ त्या पॉइंटला जोडलेला कंडेन्सर खेळत असे. गरम झाला की दगा द्यायचा आणि गार पडला की शहाण्यासारखा वागायचा. पॉइंट उघडताना तेथे मोठी, पिवळसर ठिणगी उडू लागली की अनुभवी मंडळी पहिला संशय कंडेन्सरवर घेत, आणि लांबच्या प्रवासाला निघताना हँडल-बारच्या पिशवीत एक जादा कंडेन्सर ठेवत.

गरम इंजिनाला चोक देणे

दुसरी चूक नवशिक्यांची लाडकी आहे. गाडी चालू होत नाही, म्हणजे तिला पेट्रोल मिळत नसणार, असे गृहीत धरून ते चोक (मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ) ओढतात आणि किकमागून किका मारत राहतात. वस्तुस्थिती बहुधा नेमकी उलटी असते. गाडी पळत असताना समोरचा वारा आणि टाकीतून सतत येणारे ताजे पेट्रोल कार्ब्युरेटरला थंड ठेवतात. गाडी थांबली की दोन्ही थांबतात आणि सिलिंडर हेडची साठलेली उष्णता हळूहळू कार्ब्युरेटरकडे सरकते, त्यामुळे इंजिन बंद केल्यानंतरची काही मिनिटे तो चालत्या गाडीपेक्षाही अधिक तापतो. पेट्रोलमधील हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच वाफ होऊ लागतात, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांना फारसे निमित्त लागत नाही. फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीतले पेट्रोल असे खदखदले की ते जेटमधून चढून इंजिनाच्या वाटेवर जमा होते. फ्लोटची सुई झिजलेली असेल, तर उभ्या गाडीत टाकीतूनही थेंब थेंब भर पडत राहते. आधीच पेट्रोलने गुदमरलेल्या इंजिनाला वरून चोक देणे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणे आहे.

माझी रीत अशी आहे. चोक पूर्ण बंद करावा, पेट्रोलचा कॉक बंद करावा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून तसाच धरून ठेवावा आणि सावकाश, पूर्ण पल्ल्याच्या पाच-सहा किका माराव्यात. इंजिनाने पकड घेतली की लगेच अॅक्सिलरेटर सोडून कॉक उघडावा. मूठ धरून ठेवणे महत्त्वाचे आहे, पुन्हा पुन्हा पिळणे नव्हे. ज्या कार्ब्युरेटरला अॅक्सिलरेटर पंप असतो, त्यात प्रत्येक पिळीबरोबर पेट्रोलची आणखी एक चिळकांडी आत जाते. अधीर माणसाला एवढे सांगूनही तो मूठ पिळतोच, हा माझा अनुभव आहे.

याच्या उलट प्रकारही क्वचित घडतो. वाटीतले पेट्रोल वाफ होऊन संपते आणि प्लग कोरडा राहतो. तेव्हा प्लग ओला की कोरडा हे पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. ओला, काळा आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग गुदमरल्याचे सांगतो. कोरडा प्लग उपासमारीचे. शंका राहिलीच तर ओले फडके पिळून केवळ कार्ब्युरेटरच्या वाटीभोवती गुंडाळावे आणि पाच मिनिटे थांबावे. तेवढ्याने गाडी चालू झाली तर दोष पेट्रोलच्या बाजूचा आहे, आणि तो फ्लोटची उंची, सुई, किंवा कार्ब्युरेटर व हेड यांच्यामधील उष्णता अडवणारा जाड ठोकळा यांत शोधावा.

ज्यांना गाडी साइड स्टँडवर उभी करून कॉक उघडा ठेवण्याची सवय आहे, त्यांनी ती आजच सोडावी.

तापलेल्या हेडमधून जोर लावून प्लग काढणे

हेड अॅल्युमिनियमचे असते आणि तापलेले असताना त्याचे आटे नरम पडलेले असतात. घाटात, पाठीमागे ट्रकचे हॉर्न वाजत असताना, पान्याला लाथ मारून प्लग काढणाऱ्याला पुढे प्लगपेक्षा हेडचा खर्च भोगावा लागतो. म्हणूनच मी वर जादा प्लगने ठिणगी तपासली आणि बसलेल्या प्लगला हात लावला नाही. ठिणगी ठीक निघाली आणि ओला-कोरडा पाहणे भागच पडले, तर इंजिन हाताला सोसवेल इतके निवू द्यावे. ठिणगी पाहताना टोपी मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये. वाट न मिळालेला उच्च दाब सीडीआयला आणि कॉइलला मारक ठरतो. सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

टॅपेटचा आवाज बंद करून घेणे

‘टॅपेटचा आवाज पूर्ण बंद करा’ अशी मागणी करणारे गिऱ्हाईक आणि ती पुरवणारा मेस्त्री, हे दोघे मिळून व्हॉल्व्ह (इंजिनाची झडप) जाळतात. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला दाबून उघडणारा भाग. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती नाहीशी केली की गरम व्हॉल्व्ह आपल्या जागी पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि किक लोण्यात पाय घातल्यासारखी हलकी जाते. गरम असताना किकचा दाब थंड गाडीच्या मानाने स्पष्टपणे कमी लागत असेल, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी टॅपेट पाहावेत. फट मात्र रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड इंजिनावर, फीलर गेजने आणि गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसारच ठेवावी. अंगठ्याच्या अंदाजावर विसंबणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडून दिले आहे. हलकी टिकटिक करणारा टॅपेट मला गप्प बसलेल्या टॅपेटपेक्षा केव्हाही अधिक विश्वासाचा वाटतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या काही चुका

इंजिनावर पाण्याची बाटली ओतणे हा घाटांतला सर्रास दिसणारा प्रकार आहे. तापलेल्या धातूला एकाएकी गार केल्यास त्याला पीळ बसू शकतो किंवा तडा जाऊ शकतो.

‘सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही’ आणि ‘सेल्फच फिरत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसऱ्या तक्रारीत कार्ब्युरेटर साफ करणे व्यर्थ आहे. तेथे बॅटरी, तिची टोके आणि अर्थची वायर पाहावी.

गाडी थांबण्याआधीच गचके देऊन बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढली गेल्याचा सुस्कारा आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे.

वेगळ्या कंपनीचा प्लग बसवताना केवळ आकडा पाहू नये, कारण एनजीकेचा मोठा आकडा थंड प्रकारचा (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग दाखवतो, तर बॉशचा मोठा आकडा गरम प्रकारचा.

प्लगचा गॅप लोखंड कापण्याच्या करवतीच्या पात्याने मोजणारे पुष्कळ आहेत. त्याने अंदाज येतो, मोजमाप होत नाही.

एका वेळी दोन भाग बदलू नयेत. गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतर आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारसायकली इंजेक्शनवर गेल्या. त्यांना फ्लोट नाही, वाटी नाही आणि ओढायला चोकही नाही. त्यामुळे वरील निम्मे प्रकरण त्यांना लागू होत नाही. तेथे मी आधी कान वापरतो. चावी फिरवल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घरघरतो. गरम गाडीवर ही घरघर ऐकू आली नाही, तर पंप, त्याचा रिले किंवा जोड यांपासून शोध सुरू करावा. घरघर पूर्ण होण्याआधीच सेल्फ दाबणाऱ्यांनी ती एकदा पूर्ण ऐकून मग सेल्फ दाबून पाहावा. पंप ठीक असेल, तर संशय इंजिनाचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर जातो. तो बिघडून तापलेले इंजिन थंड असल्याचे कळवू लागला, की संगणक प्रामाणिकपणे जादा पेट्रोल सोडतो, आणि चोक न ओढताही चोकची चूक घडते. कित्येक गाड्यांत मीटरवरच्या इंजिनाच्या दिव्याचे लुकलुकणे मोजून बिघाडाचा क्रमांक काढता येतो आणि त्याचा अर्थ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो क्रमांकही गाडी गरम असतानाच, ती चालू व्हायला नकार देत असताना, वाचून कागदावर टिपून घ्यावा आणि तो कागद घेऊनच गॅरेजची पायरी चढावी.