टर्कीविना थँक्सगिव्हिंग: या चुका टाळा

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण, टर्की हा मोठा पक्षी भाजून खायचा दिवस. तो कधी कधी नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार निघतो. 2022 आणि 2025 साली तसंच झालं. घट मांडलेल्या घरात टर्की कुठून येणार? मग पावभाजीचा बेत ठरतो, मित्रमंडळी जमतात, शेजारचं अमेरिकन कुटुंबही येतं. आमच्या न्यू जर्सीच्या घरी यातल्या बहुतेक चुका करून झाल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टर्कीचा व्याप वाचला म्हणून वडे, मसालेभात, पुरणपोळ्या असा लग्नाचा घाट घालणं. मुख्य पदार्थ एकच ठेवा. पावही तव्यावर चार-चार भाजत बसू नका; घरातली बाई शेवटी एकटी जेवते. लोणी लावून ट्रेभर पाव एकदम ओव्हनमध्ये घाला. तो ओव्हन मोकळा हवा असेल तर पदार्थ आणणाऱ्यांपैकी निम्म्यांना कोशिंबीर, श्रीखंड असं गार चालणारं सांगा. नाहीतर ऐन जेवणाच्या वेळी चार जणी ट्रे घेऊन ‘जरा गरम करते हं’ म्हणत रांगेत उभ्या. आणि कोणी गुरुवारचा उपास सोडणार असेल तर कांदा-लसूण चालतो का, हे आधी विचारा. पावभाजीत दोन्ही असतात. बाजूला साधं वरण-भात ठेवलं की भागतं.

दाण्याच्या कुटाचा घोळ मात्र गंभीर आहे. ‘यात नट्स आहेत का?’ असं पाहुण्याने विचारलं की आपण बिनधास्त ‘नाही’ म्हणतो, कारण नट्स म्हणजे काजू-बदाम. कूट आपल्या लेखी मिठासारखंच! शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. आमंत्रण देतानाच विचारा, आणि कोणाला असेल तर त्या दिवशी घरात कूट काढूच नका. नुसता चमचा वेगळा ठेवून भागत नाही. तिळाचंही तसंच.

भाजीचं पातेलं गप्पा संपेपर्यंत ओट्यावर राहतं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधली भाजी कित्येक तास कोमटच राहते, म्हणून उथळ भांड्यांत काढा.

दिवसाची खूण म्हणून भोपळा हवाच, तर ‘पम्पकिन पाय’ या भोपळ्याच्या अमेरिकन गोड पदार्थाऐवजी घारगे करा. भोपळ्याचा तयार डबा घेताना नीट वाचा: ‘पाय मिक्स’मध्ये साखर-मसाला आधीच असतो, आपल्याला नुसता भोपळ्याचा गर हवा. त्यात पाणी बरंच असतं. पीठ सैल झालं म्हणून कणीक लोटत गेलात तर घारगे चिवट होतात. गर गुळाबरोबर आटवा, पूर्ण गार करा आणि मावेल तेवढीच कणीक घाला. तरीही तळताना तेल पीत असतील तर तेल कमी तापलंय.

बुधवारीच बाजारहाट उरका. कॉस्टकोसारखी मोठी दुकानं गुरुवारी बंद असतात.

राहिलेलं बांधून देताना स्टीलचे डबे काढू नका. ते पुढच्या नोव्हेंबरपर्यंत दिसत नाहीत. दह्याचे रिकामे डबे ऑक्टोबरपासूनच धुऊन ठेवा.