रिअल-टाइम सिम्युलेटरवर मॉडेल चढवताना या चुका टाळा

हिंजवडी-चाकणच्या टेस्ट लॅबमध्ये हे नेहमी दिसतं: लॅपटॉपवर व्यवस्थित चाललेलं मॉडेल जसंच्या तसं एचआयएल बेंचवर (खऱ्या कंट्रोलरला सिम्युलेटेड गाडी जोडून तपासण्याच्या सेटअपवर) चढवलं जातं, ओव्हररन येतो, म्हणजे एका स्टेपचं काम ठरलेल्या वेळेत संपत नाही, आणि खापर हार्डवेअरवर फुटतं. दोष बहुतेक वेळा मॉडेलमध्येच असतो.

रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे, वेळेवर. स्टेप १ मिलिसेकंदाची असेल तर सगळं गणित आणि इनपुट-आउटपुट तेवढ्यात आटोपलंच पाहिजे, तेही प्रत्येक स्टेपला. म्हणून सरासरी वेळेवर विसंबू नका. सरासरी ०.४ आणि गिअर बदलताना १.१ मिलिसेकंद लागत असतील, तर मॉडेल नापास. स्टार्टअप आणि फॉल्ट इंजेक्शनच्या (मुद्दाम बिघाड घडवण्याच्या) वेळचा कमाल आकडा बघा.

व्हेरिएबल-स्टेप सॉल्व्हर (मॉडेलची समीकरणं सोडवणारा भाग) अवघड जागी स्टेप आपोआप लहान करतो; बेंचवर ती सोय नाही. आधी लॅपटॉपवरच फिक्स्ड-स्टेप लावा आणि दोन्ही ग्राफ एकमेकांवर ठेवून बघा. साध्या ऑयलर पद्धतीत स्टेप टाइम कॉन्स्टंटच्या (सिस्टिम किती वेळात प्रतिसाद देते, त्या मापाच्या) दुपटीहून मोठी झाली की उत्तर फुगत जातं. ब्रेकच्या हायड्रॉलिक्ससारख्या स्टिफ (बाकीच्या मानाने फार झपाट्याने बदलणाऱ्या) भागात हे हटकून होतं. तिथे इम्प्लिसिट सॉल्व्हर (पुढच्या स्टेपची किंमत समीकरणातच धरून सोडवणारा) वापरा, किंवा कंट्रोलरला फरक पडत नसेल तर तो वेगवान भाग मॉडेलमधून काढून टाका.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र क्रँक सिग्नलची, म्हणजे इंजिनचा क्रँकशाफ्ट किती फिरला ते कळवणाऱ्या सिग्नलची. ६००० आरपीएमला क्रँकशाफ्ट १ मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. ६०-२ दातांच्या (६० पैकी २ दात गाळलेल्या) चाकावर दर ६ अंशांना एक दात, म्हणजे एका स्टेपमध्ये सहा दात निघून जातात! हा सिग्नल सीपीयूवरच्या मॉडेलमधून काढला तर ईसीयूचं (इंजिनच्या कंट्रोलरचं) सिंक सुटतं, आणि टीम ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये बग शोधत बसते. दात एफपीजीएवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या वेगवान चिपवर) तयार करा; मॉडेलने फक्त वेग कळवावा. १० किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमचंही (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या सिग्नलचंही) तेच. त्याचं एक आवर्तन १०० मायक्रोसेकंदांचं, त्यामुळे इन्व्हर्टरचं अ‍ॅव्हरेज मॉडेल (प्रत्येक स्विचिंगऐवजी सरासरी धरणारं) घ्या, नाहीतर स्विचिंग एफपीजीएवर न्या.

अल्जेब्रिक लूप (आउटपुट त्याच क्षणी स्वतःच्याच इनपुटवर अवलंबून असणं) तोडायला युनिट डिले (एका स्टेपचा उशीर) हाताला येईल तिथे टाकू नका. जिथे सेन्सरमुळे खराच उशीर होतो, तिथे तो चालतो. मोटरच्या करंट लूपमध्ये टाकलात तर कंट्रोल अस्थिर होऊ शकतो.

रिलीजची घाई असली तरी ओव्हररनची तपासणी बंद करून टेस्ट ‘पास’ करू नका. ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या टेस्टमध्ये तर रिपोर्टवर निकालाशेजारीच ओव्हररनची संख्या लिहा.