बिल्ला पाठीवरून वाचा: फौजी कॅप बॅज ओळखताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीत काय किंवा कागल-गडहिंग्लजच्या घरांत काय, आजोबांच्या ट्रंकेत टोपीचा एखादा बिल्ला सापडतोच. तो किती जुना, हे ठरवायला बहुतेक जण समोरची नक्षी बघत बसतात. आधी तो पालथा घाला. आणि एक धरून चाला: पाठीवरची कुठलीही खूण फार तर ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते. तीन-चार खुणा जुळल्या तरच काळ ठरतो.

नाव दिसलं की अस्सल?

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ‘जे. आर. गाँट अँड सन’ हे बर्मिंगहॅमचं नामांकित घराणं. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या पितळी बिल्ल्यांच्या स्लायडरवर, म्हणजे टोपीत खोचायच्या उभ्या पट्टीवर, त्यांच्या नावाबरोबर बहुधा ‘लंडन’ असतं. तशाच जुन्या बिल्ल्याच्या पट्टीवर ‘गाँट, बर्मिंगहॅम’ दिसलं तर खिशात हात घालू नका; जुन्या डायवरून, म्हणजे ठशावरून, नंतर मारलेले नग पुष्कळदा असेच निघतात. तेच ‘बर्मिंगहॅम’ १९५० नंतरच्या चकचकीत ॲल्युमिनियम बिल्ल्यावर मात्र अगदी रास्त आहे. शिवाय नाव-गाव काहीच नसलेले अस्सल बिल्ले ढीगभर आहेत, तेव्हा कोऱ्या पाठीवरून कुणाला खोटं ठरवू नका.

बाणासारखी खूण कारखानदाराची नसते, ती ब्रिटिश सरकारी मालाची. चांदीच्या बिल्ल्यावर नांगर दिसला की लोक तो नौदलाचा समजतात. तो बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणी कार्यालयाचा शिक्का. शेजारी चालणारा सिंह म्हणजे ९२५ टंच, आणि जवळचं एकटं अक्षर वर्षाचं. ही अक्षरं फिरून फिरून येतात, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही जुळवल्याशिवाय साल लिहू नका.

पुसट शिक्का वाचायला दहा पट भिंग घ्या, खोली अंधारी करा आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरा. वरून प्रकाश मारला तर काही दिसत नाही.

मुकुट, सिंह आणि नवा गोंधळ

गोल फुगलेल्या कमानींचा ट्यूडर मुकुट १९०१ ते १९५२ चा. मधोमध दबलेल्या कमानींचा मुकुट राणी एलिझाबेथच्या काळातला. इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण राजे चार्ल्स यांनी २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला, त्यामुळे आजचा कोरा बिल्लाही ‘महायुद्धातला’ म्हणून खपू शकतो. अशा वेळी धातू बघा. ॲनोडाइज्ड, म्हणजे वर सांगितलेल्या चकचकीत, ॲल्युमिनियमवर ट्यूडर मुकुट असेल तर तो पन्नाशीच्या सुरुवातीच्या मोजक्या नगांपैकी, नाहीतर अगदी अलीकडचा.

आपल्याकडे २६ जानेवारी १९५० नंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. संस्थानी फौजांना मात्र हा नियम लावू नका, त्यांची स्वतःची चिन्हं असत. कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्सच्या बिल्ल्यावर मुकुट नसला, तरी तेवढ्यावरून तो पन्नासनंतरचा ठरत नाही. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये, पण मशीनगन रेजिमेंट झाली १९४६ मध्ये; तेव्हा एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या विकर्स गन असलेला बिल्ला पहिल्या पाच वर्षांतला असणं शक्य नाही.

ओतीव की ठशाचा

हुपरीच्या चांदी कारागिराला हा फरक बोट फिरवताच कळतो. डायने मारलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याची पाठ समोरच्या नक्षीची उलटी खोलगट प्रत असते. ओतीव नगाची पाठ सपाट, दाणेदार, बारीक छिद्रांची. अशोकस्तंभाखालच्या पट्टीवर चक्राच्या उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा असतो. मोठ्या बिल्ल्याच्या ओतीव नकलेत त्या दोघांचे गोळे झालेले दिसतात. तरी ओतीव म्हणजे नक्कल, असं सरसकट म्हणू नका. युद्धकाळात इथल्या बाजारांत ओतलेले बिल्लेही सैनिकांनी वापरलेत.

व्हर्निअर कॅलिपरने (बारीक मापाच्या पट्टीने) माप घ्या. ओतलेलं पितळ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, म्हणून ४५ मिलिमीटरच्या अस्सल बिल्ल्यावरून साचा काढला तर नक्कल पाऊण मिलिमीटरभर लहान भरते. जुन्या डायवरून नव्याने मारलेला नग मात्र या मापात सापडणार नाही. तिथे स्लायडरचा झाळ तपासा: झीज नक्षीवर आहे आणि झाळ मात्र कोरा चकचकीत, हे जुळत नाही.

धातूची शंका असेल तर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर बिल्ला कोरडा तोला. मग पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला बिल्ला तळाला वा काचेला न टेकवता पूर्ण बुडवा. आता दिसणारे ग्रॅम म्हणजे त्याचं घनफळ. १७ ग्रॅमचा बिल्ला २ दाखवत असेल तर घनता ८.५, म्हणजे पितळ. ६.६ च्या आसपास आली तर जस्ताची मिश्रधातू, नकलांची आवडती. ॲल्युमिनियम २.७.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, नेऊन कसाला लावू नका, कड घासली जाते. कॅरेट बघायच्या एक्स-रे मशीनवर ओरखडा येत नाही, पण ते वरचाच थर वाचतं; मुलामा असेल तर तेही चांदीच सांगेल.

चिंच आणि पॉलिशने बिल्ला लखलखीत करायचा मोह आवरा, त्यात पुसट शिक्का पहिला जातो. आणि पावसाळ्यात पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलेल्या पितळेवर हिरवा कळंक चढतो. बटर पेपरची पुडी बरी.