नोंदी जोडताना न जुळलेल्यांकडे आधी बघा

नोंदी जोडणं, म्हणजे वेगवेगळ्या फायलींत विखुरलेल्या एकाच माणसाच्या नोंदी एकत्र आणणं, शिकायला आमच्या विभागात नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात विचारतं, "ओळख क्रमांक आहे ना? मग एसक्यूएलची, डेटाबेसच्या भाषेतली, एक ओळ लिहायची, अवघड काय त्यात?" क्रमांक सगळीकडे असेल आणि बरोबर असेल, तर खरंच फार अवघड नाही. डेन्मार्कने १९६८ साली प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक दिला आणि पुढे रुग्णालयापासून मृत्यूपर्यंतच्या नोंदींवर तोच चढत गेला. म्हणूनच २००२ साली तिथल्या संशोधकांना १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या लसीकरणाच्या आणि ऑटिझमच्या निदानाच्या नोंदी एकत्र बघता आल्या. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही. एवढ्या मुलांना बोलावून तपासायचं म्हटलं असतं, तर तो अभ्यास कधी झालाच नसता.

असा क्रमांक निम्म्याच नोंदींवर असतो, किंवा रुग्णालयाचा वेगळा आणि मृत्यू नोंदणीचा वेगळा असतो, तेव्हा खरं काम सुरू होतं. ते कसं करायचं ते सांगते.

आधी प्रश्न, मग फाईल

डेटा मागण्याआधी प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, 'हृदयविकाराचा झटका येऊन घरी गेलेल्या रुग्णांपैकी किती जण वर्षभरात दगावले?' आता या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला कुठली फाईल लागते ते बघा. दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची नोंद लागेल, मृत्यूची लागेल. फोन नंबर लागणार नाही, पूर्ण पत्ता लागणार नाही, मानसोपचाराचा इतिहास तर अजिबात नाही. विश्लेषणाला जन्मवर्ष पुरतं. पूर्ण जन्मतारीख फक्त जुळणीसाठी हवी आणि जुळणी तुम्ही करायची नाही, ते पुढे येईलच. 'असू दे, पुढे लागेल' म्हणून मागितलेला प्रत्येक रकाना नैतिकता समितीत एक बैठक वाढवतो. वाढवायलाच हवी.

परवानगी कशाच्या बळावर मिळतेय, रुग्णाच्या संमतीने की कायद्यातल्या तरतुदीने, हे अर्जात स्पष्ट लिहा. 'माझी नोंद वापरू नका' म्हणणाऱ्यांना वगळायचं ते जोडणीच्या आधी, नंतर नाही. हा भाग कागदी वाटतो, पण इंग्लंडमध्ये २०१३ साली जाहीर झालेली 'केअर डॉट डेटा' योजना इथेच अडकली. कुटुंबडॉक्टरांकडच्या नोंदी रुग्णालयांच्या नोंदींशी जोडण्याचा बेत होता. नोंदी कुणाच्या हाती पडणार आणि नको म्हणायचं कसं, हे लोकांना नीट कळलंच नाही. २०१४ साली योजना थांबवली आणि २०१६ साली गुंडाळली.

नाव एकाकडे, आजार दुसऱ्याकडे

ज्याला नाव दिसतं त्याला आजार दिसता कामा नये, आणि ज्याला आजार दिसतो त्याला नाव. या एका नियमावर सगळी रचना उभी आहे. रुग्णालय आपल्या फाईलचे दोन तुकडे करतं. एकात नाव, जन्मतारीख, लिंग, पिनकोड आणि एक तात्पुरता अनुक्रमांक. दुसऱ्यात तोच अनुक्रमांक आणि आजार, तपासण्या, औषधं. पहिला तुकडा जोडणी करणाऱ्या गटाकडे जातो. मृत्यू नोंदणी खातंही तसंच करतं. जोडणारा गट कुणाशी कोण जुळतं ते ठरवतो, प्रत्येक माणसाला एक नवा निरर्थक क्रमांक देतो आणि तो ज्याच्या त्याच्या अनुक्रमांकाशेजारी लिहून परत पाठवतो. संशोधकाच्या हाती फक्त नवा क्रमांक आणि दुसरे तुकडे पडतात.

नावं काढली म्हणजे ओळख पुसली, असं मात्र समजू नका. १९९७ साली लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला, नावं काढलेला रुग्णालयीन डेटा मतदारयादीशी ताडून थेट तिथल्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड, एवढ्यावर. म्हणून लिंक झालेली फाईल लॅपटॉपवर उतरवून घ्यायची नसते. सुरक्षित संगणकावर बसून तिथेच काम करायचं आणि बाहेर न्यायचे ते फक्त तपासून मिळालेले तक्ते. एखाद्या चौकटीत दोन-तीनच माणसं असतील तर ती चौकट झाकली जाते. त्यावरून तक्ता तपासणाऱ्याशी वाद घालू नका.

कधी कधी खाती नावं बाहेर द्यायला तयारच नसतात. मग कुणीतरी सुचवतं, नावाचं हॅश करून, म्हणजे गणिताने त्याचा न वाचता येणारा संकेत बनवून, पाठवा. दोन अडचणी. एक, 'सविता' आणि 'सवीता' यांचे हॅश एकमेकांच्या जवळपासही नसतात; एक वेलांटी चुकली की माणूस हरवला. दोन, गुप्त किल्ली न घालता जन्मतारखेचं हॅश केलं तर ते कुणीही उलगडू शकतं, कारण शंभर वर्षांत तारखा असतात जेमतेम साडेछत्तीस हजार. सगळ्यांचे हॅश काढून यादी लावायला संगणकाला क्षणही लागत नाही. पहिल्या अडचणीवर उतारा म्हणून नावाचे दोन-दोन अक्षरी तुकडे करून ते ब्लूम फिल्टरमध्ये, म्हणजे शून्य-एकच्या एका लांब पट्टीत, बसवतात. २००९ सालापासून ही पद्धत रुळली आहे. थोडं वेगळं नाव थोडंच वेगळं दिसतं. तिच्यावरही हल्ले होऊ शकतात, त्यामुळे गुप्त किल्ली इथेही लागतेच.

सफाई

जन्मतारखांची वारंवारता मोजा. कुठलीही एक तारीख साधारण ३६५ पैकी एकदा यायला हवी. १ जानेवारी त्याच्या कितीतरी पट येत असेल, तर ती जन्मतारीख नाही, 'माहीत नाही' आहे. तिला रिकामी माना. नाहीतर शेकडो अनोळखी माणसं एकाच दिवशी जन्मलेली म्हणून एकमेकांना चिकटतील. ९९९९९ सारखे क्रमांकही तसेच. दिवस-महिना उलटलेला असेल (०३-०४ की ०४-०३?), तर पूर्ण विसंगती न धरता जुळणीचे अर्धे गुण द्या (गुणांचं पुढे येतंच). लग्नानंतर बदललेलं आडनाव जुन्यासकट ठेवा, जुनं खोडू नका.

नवजात बाळांची फाईल वेगळी काढून ठेवा. नाव ठेवलेलं नसतं, नोंद आईच्या नावाने असते आणि जुळी असतील तर जन्मतारीख, आडनाव, पत्ता सगळं सारखं. सॉफ्टवेअर त्यांना आनंदाने एक माणूस करून टाकतं.

जुळणीचे गुण

दोन्हीकडे दहा-दहा लाख नोंदी असतील तर जोड्या होतात एक लाख कोटी. सगळ्या तपासत बसायच्या नाहीत. आधी जन्मवर्ष आणि आडनावाचं पहिलं अक्षर सारखं असलेल्याच जोड्या बघा, मग दुसऱ्या फेरीत पिनकोड आणि नाव. एका फेरीत हुकलेला दुसरीत सापडतो, म्हणून फेऱ्या एकापेक्षा जास्त हव्यात.

आता गुण. याचं गणित फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ साली मांडलं आणि आजची बहुतेक सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत. प्रत्येक रकान्याला दोन प्रश्न विचारायचे: माणूस खरोखर एकच असेल तर हा रकाना जुळण्याची शक्यता किती? आणि माणसं वेगळी असतील तर योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीने भागा आणि दोनच्या पायावर लॉग घ्या, म्हणजे दोनाचा कितवा घात केला की ते उत्तर येतं ते बघा. सगळ्या रकान्यांच्या गुणांची मग बेरीज करायची.

जन्मतारीख घेऊ. खऱ्या जोडीत ती ९५ टक्के वेळा जुळते असं धरा. योगायोगाने जुळण्याची शक्यता २५ हजारांत एक. गुण झाले साधारण १४.५. लिंग योगायोगाने निम्म्या वेळा जुळतंच, म्हणून त्याला जेमतेम १. आडनाव खऱ्या जोडीत ९० टक्के जुळतं आणि शंभरात एकाचं असण्याइतकं प्रचलित आहे, तर ६.५. बेरीज २२. छान वाटते. पण दहा-दहा लाखांच्या फायलींत, प्रत्येक जण दोन्हीकडे आहे असं धरलं तरी, डोळे मिटून उचललेली जोडी खरी असण्याची शक्यता दहा लाखांत एक, म्हणजे सुरुवातच उणे २० पासून. उरले २ गुण, म्हणजे चारास एक. जन्मतारीख, आडनाव, लिंग तिन्ही तंतोतंत जुळूनही पाचात एक जोडी खोटी! तेच आडनाव दहा हजारांत एकाचं असतं तर त्याचेच १३ गुण मिळाले असते आणि शंका जवळजवळ उरली नसती. म्हणून सगळ्या आडनावांना सरसकट एकच वजन देऊ नका. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने खुलं केलेलं 'स्प्लिंक' हे हिशेब फुकटात करून देतं आणि प्रत्येक जोडीचे गुण कुठून आले ते चित्रात दाखवतं.

अधल्यामधल्या गुणांच्या जोड्यांतला एक नमुना काढून डोळ्यांनी तपासा. दोघांनी, एकमेकांना न विचारता, आणि मग उत्तरं ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे. टाळू नका.

न जुळलेले

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथे. '९६ टक्के जुळले' असा आकडा आला की लोक हात झटकून विश्लेषणाला बसतात. मी त्या चार टक्क्यांची फाईल आधी उघडते. ते चार टक्के सगळीकडून सारखे कधीच गळत नाहीत. वारंवार घर बदलणारे, लग्नात आडनाव बदललेल्या बायका, दुसऱ्या भाषेतून नाव लिप्यंतर होऊन आलेले स्थलांतरित, बेघर, नवजात: गळतात ते हेच. म्हणजे बहुतेकदा ज्यांची तब्येत आधीच जास्त वाईट, तेच.

परिणाम काय होतो बघा. वरचाच प्रश्न घ्या. रुग्णाची मृत्यूनोंद जुळली नाही, तर तुमच्या फाईलमध्ये तो मेलेला नाही. तो जिवंत आहे, आणि अभ्यास संपेपर्यंत जिवंतच राहणार. एखाद्या गटातली दर दहा मृत्यूंतली दोन नोंदणी जुळलीच नाहीत, तर त्या गटाचा मृत्युदर पाचव्या हिश्शाने कमी दिसेल, आणि कुणीतरी गंभीर चेहऱ्याने 'या गटात उपचार अधिक प्रभावी' असं लिहील. हा उपचाराचा गुण नाही, आडनावाच्या स्पेलिंगचा आहे.

तेव्हा जुळलेले आणि न जुळलेले यांचा तक्ता शेजारी-शेजारी मांडा: वय, लिंग, भाग, भाषा, आजाराची तीव्रता. जुळणीची मर्यादा, म्हणजे किती गुणांपासून जोडी खरी मानायची ती, थोडी सैल आणि थोडी कडक करून विश्लेषण पुन्हा चालवा. निष्कर्ष हलला तर तसं लिहा. आणि दोन झटपट तपासण्या. मृत्यूच्या तारखेनंतर रुग्णालयात दाखल झालेले किती? ते चुकीच्या जोड्यांचं माप. आणि ११५ वर्षांचे होऊनही वर्षानुवर्षं डॉक्टरकडे न गेलेले 'जिवंत' किती? ते हुकलेल्या जोड्यांचं.

हे सगळं शोधनिबंधात लिहायला जागा हवी. निरीक्षणात्मक आरोग्य-डेटाच्या अभ्यासांसाठी २०१५ साली आलेल्या 'रेकॉर्ड' मार्गदर्शिकेत जोडणीची पद्धत आणि तिचा दर्जा नोंदवायला सांगितलेलंच आहे, त्यामुळे संपादक नाही म्हणणार नाहीत.

समोर रुग्ण असेल तेव्हा

संशोधनासाठी चालते ती जोडणी उपचारांना चालत नाही. लाखांच्या फाईलमध्ये शंभर चुकीच्या जोड्या असतील, तर निष्कर्ष किंचित पातळ होतो. दवाखान्यात एक चुकीची जोडी म्हणजे दुसऱ्याची पेनिसिलिनची ॲलर्जी याच्या नावावर, किंवा याची ॲलर्जी गायब. तिथे शक्यतेच्या गुणांवर आपोआप नोंदी एकत्र करू नका. यंत्राने फक्त 'ही नोंद याच माणसाची असू शकते' इतकंच सुचवावं आणि खात्री माणसाने करावी. खात्री करतानाही "तुमचा जन्म १२ मार्चचा ना?" असं विचारायचं नाही. ऐकू न आलेला, घाबरलेला, घाईतला माणूस हो म्हणून मोकळा होतो. "तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा" असं विचारा आणि पडद्याशी ताडा.

आणि एकत्र केलेल्या प्रत्येक ओळीवर ती मुळात कुठल्या फाईलमधून, कुठल्या क्रमांकाने, कुठल्या तारखेला आली हे कायम राहू द्या. दोन माणसांची नोंद एक झाल्याचं कधीतरी उघडकीला येईल. त्या दिवशी कुठली तपासणी कुणाची हे परत वेगळं करायला त्या रकान्यांशिवाय दुसरं काही हाताशी नसतं. वेगळं केल्यावर दोन्ही रुग्णांच्या डॉक्टरांना कळवायचं, आणि मधल्या काळात त्या मिसळलेल्या नोंदीवरून कुठलं औषध दिलं गेलं का, ते त्याच दिवशी तपासायचं.