पोटाच्या कॅन्सरवर रिसर्च करणारा डॉक्टर व्हायचंय?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींनो, एमबीबीएसला लागलात की रिसर्चसाठी पीजीपर्यंत थांबू नका, आयसीएमआरची (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस स्टुडंटशिप, म्हणजे एमबीबीएसच्या पोरांसाठी छोट्या मुदतीची रिसर्चची संधी असते, गाईड शोधून तिला अर्ज टाका. पुढं एमडी मेडिसिन ३ वर्षं, मग डीएम गॅस्ट्रो (पोट-आतड्यांच्या आजारांचं त्यापुढचं शिक्षण) ३ वर्षं, रस्ता लांबचा आहे खरा. पण विषय बघा की, मोठ्या आतड्यातल्या पॉलिपचा (आतल्या अस्तरावरच्या छोट्या गाठीचा) कॅन्सर व्हायला बहुतेकदा १० वर्षं तरी जातात, तेवढ्यात कोलोनोस्कोपीत (कॅमेऱ्याच्या नळीनं आतडं आतून बघायच्या तपासणीत) दिसला आणि काढून टाकला तर तो कॅन्सर टळतो, यापेक्षा मोठं काम कुठलं! निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांजवळ बसून नीट प्रश्न विचारायला शिका, तंबाखूनं अन्ननलिकेचा, जठराचापण कॅन्सर होतो. कन्नड पक्की करा, पेशंट दोन्ही भाषांतले येतात. आणि स्टॅटिस्टिक्स पहिल्या वर्षापासूनच धरा.